चांदणीसाठी उघडं दार

मंगळवारी सकाळी अकरा वाजता थोरलीला एक पत्र आलं आणि तिथून पुढे तिला खुर्चीत धड बसता आलं नाही. पत्र संगणकावरच आलं होतं. लिहिणारा अनोळखी, आणि भाषा इतकी नम्र की आधी वाटावं, कुणीतरी नोकरी मागतंय. 'आपल्या निरोपांच्या विभागात मला एक भोक सापडलं आहे. अजून कुणालाही सांगितलेलं नाही. करून पाहण्याची कृती खाली देत आहे. कृपया पाहावे.'

थोरलीचा धंदा तिच्या आईला शेवटपर्यंत कळला नव्हता. 'मोठी संगणकात काहीतरी करते' एवढ्यावर तिने वेळ निभावून नेली. खरं तर गोष्ट सोपी आहे. वेबसाइट बनवणाऱ्याला दरवेळी पाया खणायला लागू नये म्हणून काही लोक तयार सांगाडा करून ठेवतात. भिंती, दारं, कड्याकोयंडे सगळं तयार. तुम्ही फक्त रंग द्यायचा आणि पाटी लावायची. त्याला म्हणतात फ्रेमवर्क. थोरली आणि तिच्यासारखे आणखी तिघे मिळून असाच एक सांगाडा सांभाळत होते आणि कितीतरी हजार साइट त्याच्या जिवावर उभ्या होत्या. त्यातला निरोपांचा भाग थोरलीचा. समोरच्याने लिहिलं की तुमच्या पडद्यावर आपोआप उमटतं ना, ते उमटवणारी यंत्रणा. प्रत्येक संभाषणाची एक खोली, प्रत्येक खोलीला नाव आणि दारात राखणदार. 'ही खोली तुमची का?' असेल तर आत या, नसेल तर चालू लागा.

पत्राचं म्हणणं असं, की खोलीच्या नावाच्या जागी नुसती चांदणी टाकली, कीबोर्डवर आठाच्या डोक्यावर बसलेली असते ती, तर राखणदार काहीच विचारत नाही. चांदणी म्हणजे 'सगळ्या खोल्या'. टाकणाऱ्याला सगळ्या खोल्यांतलं सगळं बोलणं घरबसल्या ऐकू येतं.

थोरलीने दोन खोट्या खोल्या उघडल्या. एकीत 'मांजर' लिहिलं, दुसरीत 'कुत्रा'. तिसऱ्या पडद्यावर चांदणी टाकून बसली. मांजर आलं, पाठोपाठ कुत्राही आला.

मग ती राखणदाराचा कोड उघडून ती ओळ शोधायला लागली आणि ओळ सापडल्यावर कुणी लिहिली ते बघायला लागली. बघायची गरज नव्हती खरं तर. आठ वर्षांपूर्वी तिनेच लिहिली होती. तेव्हा चाचण्या घेताना एकेका खोलीत डोकावायचा कंटाळा यायचा, म्हणून सगळं एकदम दिसावं अशी सोय तिने स्वतःपुरती करून घेतली होती. शेजारी टीपही होती: 'तात्पुरतं. नंतर काढणे.' आता तात्पुरत्या गोष्टीइतकं चिवट जगात दुसरं काही नसतं हे तिला कुणी सांगायला हवं होतं असं नाही. चाळीस वर्षांची बाई, आठ वर्षांत ती ओळ शंभरदा तरी तिच्या डोळ्यांखालून गेली असेल. पण स्वतःची चूक आणि स्वतःच्या घराचा वास, दोन्ही माणसाला कळत नाहीत.

साडेअकराला तिने म्हाताऱ्याला फोन लावला. म्हातारा चौघांतला सगळ्यात जुना. वय सत्तेचाळीस, पण या धंद्यात तेवढ्यावर माणूस म्हातारा होतो.

"ओळ माझी आहे," ती म्हणाली.

"कुणाची का असेना," म्हातारा म्हणाला. "दुरुस्ती किती वेळात होईल?"

"तासाभरात. पण नीट तपासायला उद्याचा दिवस लागेल."

"मग गुरुवारी दुपारी बारा. सगळ्यांना एकदम. तोवर सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरायची. नियम तुला मी काय सांगायचा, तूच केलायस."

होता खरा तिचाच. तीन वर्षांपूर्वी असंच एक भोक निघालं, तेव्हा त्या वेळच्या चौघांतल्या एका गड्याने गुपचूप आपल्या कंपनीची साइट आधी दुरुस्त करून घेतली. आपला तो बाब्या! कुणीतरी ती साइट आधी कशी होती आणि नंतर कशी झाली हे ताडून पाहिलं, भोक कुठे होतं ते ओळखलं आणि बाकीच्या पाचशे साइट दोन दिवसांत धुऊन नेल्या. त्यावर थोरली अशी काही भडकली होती की त्या गड्याला हाकलून तिने नियमच लिहून काढला. दुरुस्ती जाहीर होईपर्यंत कुणालाही सांगायचं नाही, आणि आपल्या ओळखीची, नात्याची, पोटच्या पोराची का असेना, कुठलीही साइट आधी दुरुस्त करायची नाही. एकाला सांगितलं की सगळ्यांना सांगितलं.

फोन ठेवला आणि मग तिला धाकटीची आठवण झाली.

आठवण झाली म्हणजे काय, ती आधीपासून दारात उभीच होती, थोरलीने तिला आत घेतलं नव्हतं इतकंच. धाकटी, तिची बहीण, एका समुपदेशन केंद्रात काम करायची. घर सोडून आलेल्या, नवऱ्याच्या भीतीने लपून राहिलेल्या बायका या केंद्राच्या आधाराने राहत. त्यांच्या फोनवर कुणाची नजर असेल सांगता येत नाही, म्हणून त्या कुठल्या तरी दुकानातल्या, वाचनालयातल्या संगणकावरून केंद्राच्या साइटवर जायच्या आणि निरोप लिहायच्या. ती साइट थोरलीने बांधून दिली होती, धाकटीच्या वाढदिवसाची भेट म्हणून. कुठल्या सांगाड्यावर बांधली असेल ते सांगायला नकोच.

थोरली उठली. स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, तो उतू गेला, ओटा पुसला, पुन्हा टाकला. दुरुस्ती करायला बसली आणि तासाभराचं काम अडीच तास पुरवलं. मध्येच उठून कपाटातल्या चादरींच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. आठ वर्षं कुणाला सापडलं नाही ते दोन दिवसांत कुणाला सापडणार आहे, असं तिने स्वतःला निदान वीस वेळा सांगितलं. वीस वेळा सांगावं लागतं ते आपल्याला पटलेलं नसतं, पण हे सांगायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

एक गोष्ट मात्र ती करू शकत होती. कोण कधी आलं, कुठल्या खोलीत बसलं, कधी उठून गेलं, याची नोंद प्रत्येक साइट आपोआप ठेवते. तिला लॉग म्हणतात. केंद्राच्या साइटचा लॉग उघडून आत कुणी चांदणी टाकून बसलंय का, एवढं बघायला दोन मिनिटं पुरली असती. बघायला नियमाची आडकाठी नव्हती. थोरलीने तीनदा त्या दिशेने बोटं नेली आणि तीनदा मागे घेतली. 'आपण बघायला गेलो आणि त्यातूनच कुणाला सुगावा लागला तर?' असं एक कारण तिने तयार केलं. कारण लंगडं होतं, पण गरजेपुरतं चाललं.

साडेतीनला धाकटीचा फोन आला.

"ताई, एकच मिनिट. आमची ती शिवणवाली आहे ना, तिची राहायची खोली बदलतोय आज. आधीच्या जागी नवरा येऊन उभा राहिला. कसा शोधतो देव जाणे, कुठल्याशा ऑफिसात कंप्युटरवरच असतो मेला दिवसभर. तर नवा पत्ता तिला साइटवरून पाठवते. चालेल ना?"

थोरलीने घड्याळाकडे पाहिलं.

"फोनवर सांग की तिला."

"फोन कुठून? तिचा फोन बंद करून टाकलाय आपण. ती साडेचारला वाचनालयात बसून बघणार आहे. अगं, तूच तर सांगितलं होतंस, फोनपेक्षा हे बरं म्हणून. बरं आहे ना अजून?"

प्रश्न सरळ होता. थोरलीला जन्मात कुणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. 'नको' म्हटलं असतं तर धाकटीने 'का' विचारलं असतं, आणि धाकटीचा पेशाच असा, की न सांगितलेलं तिला आधी ऐकू यायचं. मग ती बाकीच्या केंद्रांना सांगणार, ती आणखी कुणाला, आणि संध्याकाळपर्यंत गावभर.

"हो," थोरली म्हणाली. "बरं आहे."

"गुणाची ताई," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

बुधवार उजाडला तो तसाच. थोरलीने सकाळपासून दुरुस्ती आठ प्रकारांनी तपासली. चांदणी टाकली की राखणदार आता अडवत होता. तिला मात्र बसवत नव्हतं. खिडकीशी जायची, खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत असायचं, ती पूर्ण मागे जाईपर्यंत बघत राहायची आणि परत यायची. जेवायला बसली आणि अर्ध्यातून उठली. धाकटीला फोन करावासा वाटत होता आणि धाकटीचा फोन येऊ नये असंही वाटत होतं.

दीड वाजता म्हाताऱ्याचा निरोप आला. 'उद्याच्या सूचनेत लिहावं लागेल, या भोकाचा कुणी गैरफायदा घेतल्याचं दिसलं की नाही. प्रत्येकाने आपल्या हातातल्या साइटचे लॉग बघून दोनपर्यंत कळवा.'

आता पळवाट राहिली नाही. थोरलीने केंद्राचा लॉग उघडला आणि चांदणी शोधायला सांगितली.

एक ओळ नाही, पानंच्या पानं आली.

कुणीतरी बाईचं नाव घेऊन एकोणीस दिवसांपूर्वी साइटवर नाव नोंदवलं होतं. तेव्हापासून रोज चांदणी टाकून बसत होतं. सकाळी दहाला यायचं. एक ते दोन सुट्टी. सहाला उठून जायचं. शनिवार, रविवार नाही. कुणाची तरी नोकरी चालली होती, आणि त्या नोकरीच्या वेळेत तो माणूस पन्नास-साठ बायकांचं रडणं, पत्ते, कोर्टाच्या तारखा, मुलांच्या शाळा, सगळं टेबलाशी बसून ऐकत होता. थोरलीने खाली खाली जात कालचा दिवस काढला. दुपारी तीन बेचाळीसला शिवणवालीच्या खोलीत एक निरोप पडला होता. तो दोन ठिकाणी पोचला होता: त्या खोलीत आणि चांदणीवाल्याकडे. तीन पंचेचाळीसला चांदणीवाला उठून गेला होता. सहा वाजायच्या आधी, एकोणीस दिवसांत पहिल्यांदाच. आणि त्यानंतर आलाच नव्हता, आजही नाही.

त्याला हवं होतं ते मिळालं होतं.

थोरलीने आधी केंद्राची निरोपांची सोय तिथल्या तिथे बंद केली, मग म्हाताऱ्याला फोन केला.

"सापडलाय. एकजण ऐकतोय. एकोणीस दिवस."

म्हातारा म्हणाला, "मग गुरुवार कसला? वापर सुरू झालाय म्हटल्यावर लपवायचं कुणापासून? आत्ताच सोडतो दुरुस्ती. तुला हे काल दिसलं असतं तर कालच सोडली असती, पण असो. पळ तू."

'पण असो' म्हणणारा म्हातारा भला माणूस होता. थोरलीला मात्र ते 'असो' लागलं. काल सकाळी अकरा वाजता दोन मिनिटं लॉग बघितला असता, तर तिच्या स्वतःच्या नियमानेच तिला मोकळं केलं असतं. पत्ता पाठवायला तेव्हा पावणेपाच तास बाकी होते. तिला कुणी बांधलं नव्हतं. ती घाबरली होती, आणि आपलं घाबरणं तिने नियमाच्या नावावर खपवलं होतं.

तिने धाकटीला फोन लावला, धाकटीने पहिल्या घंटेला उचलला.

"पत्ता फुटलाय," थोरली म्हणाली. "शिवणवालीचा. तिला तिथून काढ. आत्ता."

धाकटीने 'कसा' विचारलं नाही. असल्या वेळी धाकटी थोरली व्हायची. तिने घरमालकिणीला फोन लावला, दोन मिनिटांत थोरलीला परत लावला. "काल पाचला एक माणूस येऊन गेला म्हणे. नळ दुरुस्तीवाला म्हणून सांगितलं. तेव्हा ही यायचीच होती. आज सकाळीही आला होता. मालकिणीने बापडीने सांगितलं, कामावर गेलीये, पाचला येईल. कुठल्या दुकानात ते तिला माहीत नाही, नशीब. मी गाडी घेऊन निघालेय. तू खाली येऊन थांब."

थोरली चपला शोधण्यात वेळ न घालवता घरातल्याच पायात ठेवून खाली उतरली. गाडी दोन चौक पुढे गेली.

"कसा फुटला?" धाकटीने विचारलं.

थोरलीने सांगितलं. चांदणी, राखणदार, आठ वर्षं, एकोणीस दिवस. धाकटी समोर बघत गाडी चालवत होती.

"आणि तुला कधी कळलं?"

"ऐकणाऱ्याचं आज. भोकाचं काल."

"काल कधी?"

"अकराला."

धाकटीने सिग्नलला गाडी थांबवली. लाल दिवा बघत बसली. "मी तुला साडेतीनला विचारलं, ताई," एवढंच म्हणाली. दिवा हिरवा झाला, मागच्याने हॉर्न मारला तेव्हा तिने गाडी काढली. थोरलीला वाटलं, ही ओरडली असती तर बरं झालं असतं. लहानपणी ओरडायची, चावायचीसुद्धा.

कपडे शिवायचं दुकान एका मोठ्या इमारतीच्या तळघरात होतं. ओळीने बारा मशिनं, बाराही चालू. शिवणवाली दारापासून सगळ्यात लांबच्या मशिनवर बसली होती. पस्तिशीची, बारीक, तोंडात दोन टाचण्या धरलेल्या. धाकटीला दारात बघितल्याबरोबर तिने टाचण्या काढून मशिनवरच्या छोट्या गादीत खोचल्या, हातातली बाही पूर्ण केली, दोरा तोडला आणि पिशवी उचलून निघाली. काही विचारलं नाही. असं उठायची तिला सवय झाली होती.

गाडीत मागच्या बाजूला ती वाकून बसली, खिडकीतून डोकं दिसू नये म्हणून.

"मला माहितीये मॅडम, तो आला होता," ती म्हणाली. "सकाळी मालकिणीने कालच्या नळवाल्याचं सांगितलं, तेव्हाच ओळखलं. तिथं परत जाणार नव्हतेच मी. सुटले की तुम्हाला दुकानातून फोन करणार होते."

"मग सकाळीच का नाही केलात?"

"दोन दिवसांत तिसरी जागा कुठल्या तोंडानं मागू? चूक माझीच ना. मीच सांगितलं होतं."

"कुणाला?"

"भावाला." तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "काल वाचनालयातून निघाले तेव्हा तिथल्या फोनवरून त्याला सांगितलं, अमुक भागात जातेय म्हणून. घर सांगितलं नाही, नुसता भाग. वाटलं, कुणाला तरी ठाऊक असावं. तुम्ही आणि तो, तिसरं कुणी नव्हतंच. तुम्ही तर सांगणार नाही. मग राहिलं कोण?"

धाकटीने गाडी पुढच्या गल्लीत वळवली.

"सकाळी नऊला दुकानात आल्या आल्या फोन केला त्याला," शिवणवाली म्हणाली. "नवऱ्याकडून पैसे खाल्लेस का विचारलं. तो नुसता 'अगं नाही, अगं ऐक' करत राहिला. मी म्हटलं, तू मला मेलास. पुन्हा कधी कुठल्या नंबरवरून माझा फोन आला तर उचलू नकोस. अख्ख्या घरात तोच एक माझ्या बाजूचा होता, ताई. म्हणून जास्त लागलं."

ती 'ताई' थोरलीला उद्देशून म्हणाली. ही बाई कोण, कशाला आली आहे, हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. धाकटीची बहीण एवढं चेहऱ्यावरून कळत होतं, तेवढं तिला पुरलं होतं.

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटी रस्ता बघत होती. मदतीला येणार नव्हती.

"भावाने नाही सांगितलं," थोरली म्हणाली आणि मागे वळली. "पत्ता माझ्याकडून फुटला. ती निरोपांची साइट मी बांधलीये. तिच्यात एक भोक माझ्या हाताने राहिलं होतं. तुमचा नवरा त्यातून ऐकत होता, एकोणीस दिवस. आधीची जागाही त्याला तिथूनच कळली असणार. काल सकाळी मला ते भोक कळलं होतं. दुपारी हिने मला विचारलं, पत्ता पाठवू का, तर मी हो म्हणाले."

शिवणवाली रागावली असती, रडली असती, तर थोरलीने ते अंगावर घेतलं असतं. तिची तयारी त्याचीच होती. पण शिवणवालीने फक्त हात पुढे केला.

"फोन द्या जरा."

धाकटीने आपला फोन मागे दिला. शिवणवालीने नंबर पाठ होता तो दाबला. घंटा वाजत राहिली आणि थांबली. तिने पुन्हा लावला, पुन्हा थांबली. पाचव्यांदा तिने फोन मांडीवर ठेवला.

"लहानपणापासून माझं एक ऐकलं नाही त्यानं," ती म्हणाली. "झाडावर चढू नको म्हटलं की चढायचा. आजच ऐकायचं होतं मेल्याला."

आणि मग ती रडली. तोंड पिशवीत खुपसून, आवाज न करता, डोकं खालीच ठेवून.

"त्याच्या घरी जाऊ या," थोरली म्हणाली.

"नाही जायचं," धाकटी पटकन म्हणाली. "नवरा आता पहिला तिथेच जाऊन उभा राहील. हिला त्या रस्त्याला नेणार नाही मी."

"हिला नको. मी जाते. नवरा मला ओळखत नाही." तिने शिवणवालीला विचारलं, "कुठे असतो भाऊ या वेळेला?"

शिवणवालीने डोळे पुसले आणि सांगितलं. छापखान्यात, मागच्या दाराने गेलं की दुसरं यंत्र, उंच आहे, कानामागे पेन्सिल असते. धाकटीने कडेला गाडी थांबवली. थोरली उतरली तेव्हा तिच्या पायात घरातल्या चपला आहेत हे धाकटीच्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

"काय सांगू त्याला?" थोरलीने काचेतून वाकून विचारलं. "तुमच्याकडून?"

शिवणवालीने थोडा विचार केला.

"माझ्याकडून काही सांगू नका," ती म्हणाली. "माझं मी सांगेन, ऐकलं त्यानं तर. तुम्ही तुमचं सांगा."